कोरं नाव

धातू मास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आणि दिसेल त्याच्या नावातला मूळ धातू उकरून काढायची खोड लागली, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे टोपणनाव. एखाद्या अपर्णेने ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं की म्हणायचे, "अपर्णा म्हणजे पानसुद्धा न खाणारी. जरा लाज बाळग." शेजारचा अजिंक्य तिसऱ्यांदा नापास झाला, तर त्याच्या बापाला मुद्दाम रस्त्यात गाठून अर्थ समजावून आले. मास्तर नाव ठेवतात आणि नावंही ठेवतात, असं लोक म्हणत. म्हणत खरे, पण घरात मूल जन्मलं की झक मारत त्यांच्याच दारात येत.

कारण मास्तरांचा एक नियम होता. एकदा दिलेलं नाव पुन्हा कुणाला द्यायचं नाही. त्यांच्या कपाटाला दोन खण होते. वरच्यात मोकळ्या नावांची कार्डं, खालच्यात दिलेल्या नावांची. कार्डावर नाव, धातू, अर्थ, आणि दिलं असेल तर कुणाला नि कधी. अक्षर थोरल्या सुनेचं. मास्तर सांगायचे, ती लिहायची, दहा वर्षं हेच चाललं होतं.

खालच्या खणातलं एक कार्ड तिच्या स्वतःच्या मुलीचं होतं. ईप्सिता. धातू आप्, मिळवणे. मिळावी म्हणून जिची इच्छा धरली ती. सहा वर्षांपूर्वी थोरलीला मुलगी झाली, दोन दिवस जगली आणि गेली. त्यानंतर काही तिची कूस उजवली नाही. कपाट पुसायच्या निमित्ताने ती आठवड्यातून एकदा ते कार्ड बघायची. बघायची आणि ठेवून द्यायची, बस.

धाकट्या जावेला मुलगी झाली त्याच आठवड्यात ते कार्ड तिला वरच्या खणात दिसलं.

"बाबा, हे चुकून वर आलंय."

"चुकून नाही, मी ठेवलंय. धाकट्याच्या मुलीला देतोय."

"ते दिलेलं आहे, बाबा. माझ्या मुलीला."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "सूनबाई, दोन दिवसांत कुणी हाक मारली का तिला त्या नावाने? वापरलंच नाही कुणी. कोरं आहे. आणि धाकटीपाशी यातलं काही बोलायचं नाही, ओली बाळंतीण आहे."

धाकटीला खरंच काही ठाऊक नव्हतं. ती या घरात आली नंतर, आणि तो विषय घरात दारं लावूनसुद्धा निघत नसे.

"तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव आहे," थोरली म्हणाली. सासऱ्यांना उलटून बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

"कागदावर असेल तर मी नियम मोडणार नाही. आण दाखला."

दाखला तिने कधी पाहिला नव्हता. ते सगळं नवऱ्याने उरकलं होतं. 'नाव लिहून आलो' एवढं त्याने सांगितलं, आणि तेवढ्यावर तिने सहा वर्षं काढली. दुसऱ्या दिवशी ती नोंदणी कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाईने जाडजूड रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत थांबली.

"स्त्री अर्भक. नावाचा रकाना कोरा आहे."

"नीट बघा हो, असेल."

"कोरा आहे, बाई. माहिती देणार वडील, ही त्यांची सही." सही नवऱ्याचीच होती, शेवटच्या अक्षराला तीच शेपटी. थोरलीचा चेहरा बघून ती बाई जरा नरमली. "नाव नंतरही घालता येतं. हा अर्ज घ्या, वडलांची सही आणा."

नवरा संध्याकाळी आला तेव्हा तिने अर्ज त्याच्यापुढे ठेवला.

"लिहून आलो म्हणाला होतात ना?"

त्याने चहा संपवला. "बाबा म्हणाले, इतकं खपून काढलेलं नाव, गेलेल्या पोरीवर कशाला घालवायचं? पुढचीला होईल."

"पुढची कुठाय?"

"ते तू मला विचारतेस?" असं म्हणून त्याने अर्ज बाजूला सारला, आणि कपबशी उचलायची खूण केली.

ती रडली नाही. रडली असती तर पुढचं टळलं असतं, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष जेवून आडवे झाल्यावर ती धाकटीच्या खोलीत गेली. पलंगाच्या कडेला बसून इवल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. धाकटी लेकीला थोपटत होती, "ईप्सू, माझी ईप्सू" करत.

"छान नाव आहे," थोरली म्हणाली. "माझ्या मुलीचं होतं."

आणि तिने सगळं सांगितलं. अगदी मायेने, एकही घडी न विस्कटता. मुलीचं वजन किती, ओठ आधी निळे झाले की नखं, शेवटी श्वास कसा वाजत होता. गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं. धाकटीने तिचं काय वाकडं केलं होतं? काही नाही. पण मास्तरांपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, हिच्यापर्यंत पोचत होता.

धाकटीने किंकाळी फोडली. घर गोळा झालं.

"मेलेल्या पोरीचं नाव माझ्या लेकीला? ते अभद्र नाव या घरात कुणी तोंडातून काढायचं नाही! काढलंत तर मी हिला घेऊन चालले." मग तिने थोरलीचे दोन्ही हात घट्ट धरले. "ताई, तुम्ही होतात म्हणून वाचलो आम्ही."

मास्तर उठले. जाऊन कार्ड काढलं, चार तुकडे केले आणि केराच्या टोपलीत टाकले. त्या कपाटातलं कार्ड आजवर कधी फाटलं नव्हतं. "नासलं," एवढंच म्हणाले, आणि नातीसाठी वरच्या खणातून दुसरं काढायला बसले. दहा मिनिटांत मिळालं, पहिल्यापेक्षाही बरं.

संध्याकाळी नवऱ्याने आपण होऊन विचारलं, "तो अर्ज कुठाय?" तिने आणून दिला. त्याने भिंतीला टेकवून सही ठोकली.

"घे, घाल आता नाव. तसंही कुणाला नकोय ते."

थोरली खाली बसली, पाट मांडीवर घेतला आणि रकान्यात पहिलं अक्षर काढलं. लिहिताना तिला अक्षर पुटपुटायची सवय होती. ओठ हलले, आवाज जेमतेम फुटला असेल, तोच नवरा खेकसला, "मनातल्या मनात लिही! बाळंतीण जागी आहे."