चौथा तुकडा

"काकू, चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय तुमच्याकडून."

नवे साहेब उभ्याउभ्याच बोलले. हातात वजनांचा तक्ता होता. "लाल बटाट्याला निम्मं खत घाला नाहीतर पूर्ण, वजन सारखंच? आणि दीडपट घातलं तर चक्क कमी? पांढऱ्याचं बघा, खत वाढलं तसं वजन वाढत गेलंय."

"पांढरा वेगळा, लाल वेगळा, साहेब."

"पोत्यांच्या चिठ्ठ्या चुकल्यात. उद्या शिफारस छापायला जायचीय. लालचे आकडे मी गाळतो. दोन्हींना दीडपट, असंच लिहितो. तुम्ही फक्त सही करा."

तिची कानशिलं तापली. बटाटा केंद्राच्या वजनखोलीत तिची तेवीस वर्षं गेली होती. सगळे तिला काटेकाकू म्हणायचे. पोतं टेकताच वजन सांगायची आणि काटा मुकाट्याने तिच्या आकड्यावर येऊन थांबायचा. तिच्याकडून चिठ्ठी चुकली असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने सही केली नाही. पदराला हात पुसले आणि घरी निघून आली.

"सहा महिने राहिलेत तुझे," नवरा म्हणाला. तो बस चालवून निवृत्त झाला होता आणि आता स्वयंपाकघर चालवत होता. "ठोक सही आणि हो मोकळी."

"अहो, लोक माझ्या वजनावर विसंबून खत टाकणार. बटाटा आतून पोकळ निघाला, की शिव्या कुणाला?"

सकाळी नवऱ्याने डब्यात एक कप्पा जास्तीचा भरला. "भांडायचं तर पोटभर खाऊन भांड," म्हणाला.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या खुर्चीत बसायच्या आतच काटेकाकू समोर उभी.

"बाई, शेताच्या चार भागांत तोच प्रयोग लावलाय. तीन तुकडे खणले, चौथा अजून जमिनीत आहे. आज खणू या. चिठ्ठ्या साहेबांनी बांधायच्या, काटा साहेबांनी वाचायचा. मी बोट लावणार नाही."

"आणि चूक तुमची निघाली तर?"

"तर सहा महिने कशाला, आजच घरी जाते."

दहा वाजता खणणी सुरू झाली. साहेब वाफ्यावाफ्यात गुडघे टेकून स्वतः चिठ्ठ्या बांधत होते. विजार चिखलाने माखली, पण एकही पोतं त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. माणूस रागीट असला तरी लबाड नव्हता. काटेकाकू मात्र हात पाठीमागे बांधून उभी. तोंड मिटून उभं राहणं तिला पोती उचलण्यापेक्षा जड जात होतं.

पांढऱ्याची वजनं चढत गेली. मग लाल काट्यावर आला. साहेब मोठ्याने वाचू लागले.

"बिनखताचा, एकसष्ट किलो. निम्मं खत, चौऱ्याण्णव. पूर्ण, पंचाण्णव." शेवटचं पोतं चढलं. साहेब काट्यावर वाकले.

"वाचा की," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी पोतं उतरवलं, काटा शून्यावर आहे का पाहिलं, पोतं पुन्हा चढवलं.

"अठ्ठ्याऐंशी."

खणणाऱ्या बायांत खसखस पिकली. काटेकाकू हसली नाही. "आता हात लावू?" एवढंच तिने विचारलं.

तिने दीडपट खताचा सगळ्यात मोठा, देखणा बटाटा उचलून मधोमध कापला. आत बोटभर पोकळी. मिठाच्या पाण्याची बादली मागवली. निम्म्या खताचे बटाटे दगडासारखे तळाशी गेले, दीडपटचे वर तरंगत राहिले. "आत पीठच धरलं नाही यांनी," ती म्हणाली. मग चहाच्या शेगडीवर तेलाची कढई ठेवून दोन्हींचे काप सोडले. एक घाणा सोनेरी निघाला, दुसरा काळपट.

"पाला माजला, साहेब. खणायला आलो तरी हिरवागार! सगळं वरच गेलं, खाली पोसायला सवडच नाही मिळाली. पांढरा लवकर येणारा, त्याला पचतं. लालला निम्मं बास."

साहेबांनी काळा काप चावला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काकू, चूक माझी. वजनं बरोबर होती. मीच डोक्यात आधी उत्तर धरून बसलो होतो."

बायांनी टाळ्या पिटल्या. मोठ्या बाईंनी सोनेरी काप संपवत आणले होते.

दुपारी शिफारस नव्याने लिहिली गेली. प्रत्येक जातीला वेगळी मात्रा, आणि खाली वजनं घेणारीची ठसठशीत सही. ती निघणार तोच साहेबांनी पुढच्या हंगामाचा कोरा आराखडा टेबलावर पसरला.

"लालला निम्म्याहून कमी देऊन बघावं का? किती कमी?"

"पुढच्या हंगामात मी नसणार, साहेब."

"म्हणून तर आज विचारतोय."

त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे ओढली आणि स्वतः स्टूल घेतलं. काटेकाकू जरा घुटमळली. मग बसली, नखांतली माती तशीच ठेवून पेन उचललं आणि पहिल्या रकान्यात लिहायला लागली.