पिल्लू गिळणारी दोण

मित्रांनो, आचऱ्याला मथुरेच्या विहिरीकाठी 'पिल्लू गिळणारी' म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात ना, ती जुनी दगडी दोण मीच! पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरलं, तेव्हापासून म्हशींना पाणी पाजत आले. कधी कुणाचं वाईट केलं नाही. तरी नाव गेलं ते गेलंच.

त्रेपन्न साल असावं. मथुरा ही घरची सून; तिला बदकं पाळायची भारी हौस. भावाने पेडण्याहून चार अंडी आणून दिली. घरात बदकीण नव्हती, म्हणून तिने ती खुडूक कोंबडीखाली रवणीला ठेवली. चारही फुटली. पिवळीधम्मक पिल्लं पाहून मथुरा हरखली, तर सासू काशीबाई लगेच म्हणाली, "बदकाची पिलां ती! पाण्यातच वाढतली. सोड गो दोणीत!"

सोडली. अहो, पण म्हशीने पिऊन पाणी निम्म्यावर आणलं होतं! माझ्या भिंती उभ्या, गुळगुळीत. त्यात बदकिणीच्या अंगाचं तेल पिसांना न लागलेली कोवळी पिल्लं भिजून जड होतात. एक पोहून पोहून दमलं आणि बुडालं. कोंबडी काठावर ऊर फुटेस्तोवर ओरडत होती.

"ह्या दोणीत कायतरी आसा," काशीबाई म्हणाली. झालं! देवाला गाऱ्हाणं घालणारा बाबली गावकर आला. माझ्यापुढे नारळ ठेवून म्हणाला, "बा म्हाराजा, ह्या दोणीतली इडापिडा दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. माझं पित्त असं खवळलं! माझ्या पोटात डोकावून बघायला मात्र एकालाही सवड नव्हती.

गाऱ्हाणं झालं, आता भीती कसली? उरलेली तिन्ही पुन्हा पाण्यात! थोड्याच वेळात एक पिल्लू भिंतीला पाय घासत गटांगळ्या खाऊ लागलं. मला हात असते तर उचललं नसतं का? मथुरा धावली, त्याला पदरात घेतलं, दुसऱ्या दोघांनाही बाहेर काढलं आणि पहिल्यांदाच माझ्या आत नीट पाहिलं.

"आये, दोणीचो काय दोष? पिलाक भायर येवक वाटच नाय!"

तिने चिऱ्याचे तुकडे आणून माझ्यात पायऱ्यांसारखे रचले. तिन्ही पिल्लं जगली, वाढली, अंगणभर मिरवली. श्रेय कुणाला? नारळाला! आणि मी अजून पिल्लू गिळणारीच.

मित्रांनो, बदकं जरूर पाळा. पण पिल्लं कोवळी असताना पाणी उथळ ठेवा, बाहेर यायला वाट ठेवा आणि स्वतः जवळ थांबा. चूक आपली असेल तर मुक्या दगडावर ढकलू नका.

आता माझ्यात नुसतं पावसाचं पाणी साचतं. मथुरेने रचलेले चिरे मात्र तसेच आहेत. परवा एक खार पाण्यात पडली आणि त्यांच्यावरूनच चढून बाहेर आली. तिच्यासाठी कुणी नारळ ठेवला नव्हता.