गालातली लवंग

राजश्रीला सल्ला विचारावा लागत नसे. तो आपणहून यायचा, तोही मिठाच्या मापासकट. पहाटे साडेपाचला शिक्रापूरच्या चौकात कंपनीची बस भरायला लागली, की हिचा दवाखाना आणि हिचं स्वयंपाकघर एकदमच उघडायचं. कुणाला पित्त झालेलं असे, कुणाच्या टाचांना भेगा पडलेल्या असत, कुणाचा नवरा डबा तसाच परत आणत असे. बस सुटायच्या आत सगळ्यांचा निकाल लागलेला असायचा.

"रातच्याला मूग भिजत घाल. सकाळी कुकरच्या दोन शिट्ट्या, वरनं लसणाची फोडणी. धा मिनटांत आमटी तयार. आन् तू म्हणती टाइम न्हाई! मोबाईल बघायला हाय व्हय टाइम?"

बायका हसायच्या आणि रात्री मूग भिजत घालायच्या. कारण राजश्री सांगायची ते लागू पडायचं. नवऱ्याची साखर तिनं ज्वारीची भाकरी आणि रोजची चार किलोमीटरची पायपीट, एवढ्यावर ताब्यात आणली होती. गोळी मात्र एक दिवस चुकवू दिली नव्हती. जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, अन्नातलं लोह वाया जातं, हे तिनं बसमधल्या प्रत्येकीकडून वदवून घेतलं होतं. 'डबा आणि तब्येत' नावाच्या तिच्या ग्रुपवर त्रेसष्ट बायका होत्या आणि रोज संध्याकाळी तिचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांचा स्वयंपाक सुरू होत नसे. बाई थोडा भाव खायची, पण तो तिला शोभायचा.

वडगाव रासाईहून ती नऊ वर्षांपूर्वी इथं आली, गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळायच्या कंपनीत लागली आणि लाईनवरची सगळ्यात जुनी बाई झाली. लाईनवर बारा जणी. एकीचं काम झालं की वायरी लावलेली फळी पुढचीकडे सरकायची. मधली एक उठली की सगळं थांबायचं, तांबडा दिवा लागायचा आणि सुपरवायझर विश्वजीत धावत यायचा. बाथरूम शेडच्या दुसऱ्या टोकाला. सुट्टी पंधरा मिनिटांची आणि दारापुढं ही रांग. तेव्हा दिवा लावून घेण्यापेक्षा पाणीच न पिणं बरं, असं बायकांनी कधीच ठरवून टाकलं होतं. त्यावरही राजश्रीकडे तोडगा होता. नवी मुलगी लागली, की पहिल्या दिवशी ती छोट्या डबीतून एक लवंग काढून तिच्या तळहातावर ठेवायची.

"गालात धर. तहान लागत न्हाई. सकाळी दोन घोट पाणी, बास. डब्यात पातळ काय आणायचं न्हाई. दोन वाजता सुटलो की मग प्यायचं पोटभर."

कवठे येमाईहून आलेल्या मोनालीलाही अशीच लवंग मिळाली. वीस वर्षांची पोरगी, पहिलीच नोकरी. तीन महिने कामावर ठेवून बघायचं आणि मग पक्कं करायचं, अशी बोली. लाईनवर तिची जागा राजश्रीच्या शेजारची, अकरावी. राजश्री बारावी, शेवटची. मोनालीनं ताईंचं सगळं मनापासून ऐकलं. मूग भिजवले, जेवणावरचा चहा सोडला आणि लवंग गालात धरली.

पाचव्या आठवड्यात तिला हुडहुडी भरली. राजश्री तिच्या खोलीवर गेली, गवती चहाचा काढा करून पाजला, मऊ मुगाची खिचडी केली आणि ठामपणे सांगून टाकलं, "थंडी भरलीय. उद्या ठणठणीत हुशील." दुसऱ्या दिवशी पोरगी ठणठणीत झाली नाही. तिसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळता येईना, पाठीत एका बाजूला हात लावू देईना. तेव्हा मात्र राजश्री घाबरली. खिचडी तशीच झाकून ठेवून तिनं रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, पाठीवर बोटानं हलकंसं ठोकलं आणि मोनाली कळवळली.

"लघवीतलं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलंय. आज आणलंत हे बरं केलंत. आणखी दोन दिवस घालवले असते, तर भरती करावं लागलं असतं. जळजळ कधीपासून होती?"

"व्हती थोडी पंधरा दिस," मोनाली खाली बघून म्हणाली.

"पाणी किती पितेस दिवसभरात?"

मोनालीची नजर जमिनीवरच राहिली. तिनं राजश्रीकडे पाहिलंही नाही. पोरगी आपल्याला वाचवतेय, हे राजश्रीच्या ध्यानात आलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पीत न्हाई ती," राजश्री म्हणाली. "मीच सांगितलंय तिला. लाईनवर उठता येत न्हाई, म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

राजश्रीला गेली चार वर्षं दर उन्हाळ्यात जळजळ व्हायची. ती त्याला उष्णता म्हणायची आणि घरी गेल्यावर सब्जा घातलेलं सरबत प्यायची. सरबताची कृती तिनं ग्रुपवरही टाकली होती. डॉक्टरीणबाईंनी पुढं काही न विचारता तिच्यासाठी दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली.

त्या संध्याकाळी त्रेसष्ट बायकांनी आवाज ऐकला, पण त्यात कसलीच कृती नव्हती.

"बायांनो, म्या आजवर तुमाला लई सांगितलं. त्यातलं एक चुकीचं व्हतं. लवंगेचं. पानी न पिता ऱ्हायचं, हे म्या शिकवलं आन् मोनाली आजारी पडली. माझी चूक हाय. उद्यापासनं लवंग फकस्त मसाल्यात."

पाठवल्यावर तिनं फोन पालथा ठेवला. आता चांगली फजिती होणार, याची तिला खात्री होती. नऊ वर्षांची पत धुळीला मिळाली, असंच वाटत होतं. पीठ मळताना फोन थरथरत राहिला. शेवटी हात पुसून तिनं पाहिलं. कुणी हसलं नव्हतं. 'ताई, मला पण होतं.' 'ताई, मी दोनदा सलाईन लावलंय, घरी सांगितलं नाही.' 'ताई, मला वाटायचं मलाच एकटीला.' खाली खाली वाचत गेली, तसा तिला राग येत गेला. रडण्यापेक्षा राग तिला जास्त मानवायचा.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ती विश्वजीतसमोर उभी राहिली. मोनालीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट तिनं टेबलावर ठेवलं.

"सर, पोरीची रजा आजारपनाची लावा. कामाच्या यादीतनं तिचं नाव काढायचं न्हाई. आन् दुसरं. आजपासनं लाईनवरच्या पोरी पानी पिणार आन् बाथरूमला जाणार."

"ताई, मी नाही म्हणतोय का? पण लाईन थांबली की मला वरून बोलणी बसतात."

"थांबणार न्हाई. म्या शेवटाला बसते. माझ्या म्होरं माल साचला तर कुणाचं काय अडत न्हाई. बाराही जागांचं काम मला येतं. एकएकीच्या जागी पाच मिनटं म्या बसते, मग येऊन माझा साचलेला माल उरकते."

"आणि टार्गेट पडलं तर?"

"पडलं तर पुना माझ्या जागेवरनं उठायची न्हाई. आठ दिस बघा. आन् तवर जरा रजेचं रजिस्टरबी चाळा, सर. दर म्हैन्याला किती पोरी तापानं घरी बसत्यात, ते दिसंल तुमाला."

विश्वजीत दौंडकडचा, सरळ मुलगा. त्यानं तिच्यासमोरच रजिस्टर उघडलं, चार पानं उलटली आणि बंद केलं. "आठ दिवस," तो म्हणाला.

आठ दिवसांत टार्गेट पडलं नाही. बाटल्या टेबलाखाली आल्या. डब्यात पुन्हा आमटी दिसायला लागली, ताकातल्या उकडीच्या गप्पा सुरू झाल्या. राजश्री पहिल्या जागेवरून चौथ्या, चौथ्या जागेवरून नवव्या, अशी शेडभर फिरायची आणि परत येऊन ढिगावर तुटून पडायची. तिचे हात बघायला पलीकडच्या लाईनवरच्या बायका माना वळवायच्या. बाई मोठी खुशीत होती.

नवव्या दिवशी मोनाली कामावर आली. चेहरा उतरलेला होता, पण बाटली दोन लिटरची होती. साडेआठच्या सुमारास राजश्री तिच्या जागी आली. "ऊठ, जाऊन ये." पोरगी जाऊन आली, पण जागेवर बसेना. राजश्रीच्या तोंडाजवळ वाकून तिनं वास घेतला.

"ताई, लवंगेचा वास येतोय."

राजश्रीचे हात थांबले.

"सगळ्यांच्या जागी तुमी बसताय. तुमच्या जागी कोण बसतंय?"

"माझा माल साचतोय, बाई. म्या कवा उठू? मला सवय हाय."

"व्हय. मलाबी तुमीच लावली व्हती सवय."

आजूबाजूच्या दोघी-तिघींनी ऐकलं. मोनाली बाराव्या जागेवर जाऊन बसली आणि टेपचं रीळ हातात घेतलं. "माझ्या म्होरं साचू द्या जरा. इथं ढीग हाय तवर लाईन थांबायची न्हाई. तुमचं काम शेजारी बसून बघितलंय म्या पाच आठवडे. जावा."

तिनं दोन लिटरची बाटली राजश्रीपुढं धरली. राजश्रीनं तोंडातली लवंग काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि ती उभ्यानंच पाणी प्यायली, घटाघटा, मध्ये न थांबता. मग पदराला तोंड पुसलं आणि शेडच्या त्या टोकाकडे, सकाळच्या पावणेनऊला, नऊ वर्षांत पहिल्यांदा चालत गेली.

मागं मोनालीचा टेप जरा वाकडा बसत होता. तो परत आल्यावर नीट करायचा, असं राजश्रीनं जाता जाता ठरवून टाकलं.