एका बाटलीत पुसेगाव

"खाली आनू नको. पेशंटला लावल्यावानी वरच धर," पुंजाजी म्हणाला आणि त्याने सलाईनची बाटली उलटी करून बायकोच्या, केशरबाईच्या, हातात दिली.

बाटलीत पेट्रोल होते. बुचातून निघालेली रबरी नळी समोरच्या काचेच्या कडेने जाऊन बॉनेटच्या फटीत शिरली होती. गाडी गोपीचंदशेठची, लाल, बिनछपराची, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की तिच्यात बसणे म्हणजे चुलीपुढे पाटावर बसणे. केशरबाईने पदर कमरेला खोचला, पायाशी ठेवलेली कापडी पिशवी टाचेने आणखी आत सारली आणि दोन्ही हातांनी बाटली डोक्याच्या वर धरली.

"त्या पिशवीत काय हाय?"

"भाकर."

"दोघांच्या भाकरीला एवढी पिशवी?"

"म्या बाटलीकडं पाहू का पिशवीकडं?"

 पुंजाजीने बिडी कानावर अडकवली. पेट्रोलची बाटली उघडी असेपर्यंत ती तिथेच राहणार होती. मग त्याने गाडी पुढेमागे करून तिचे पुढचे चाक मैलाच्या दगडाच्या रेषेत आणले.

गाडी किती देते हे पाहायची त्याची ही रीत होती. टाकीची नळी बंद करायची, गाडी एका बाटलीवर सोडायची आणि ती जिथे मरेल तिथला दगड पाहायचा. रस्ता दर वेळी तोच, पुसेगावचा, आणि सुरुवातीचा दगडही तोच. तरुणपणी हैदराबादेत ज्या मोटार-मिस्त्री उस्तादाकडे तो पाने-पकडी उचलायला होता, त्याने ही रीत शिकवली होती आणि तिच्याबरोबर एक अटही घातली होती. बाटली संपेपर्यंत थांबायचे नाही. मध्ये थांबलात तर मोजमाप फुकट गेले, घरी जाऊन झोपा. पुंजाजी आयुष्यात पुष्कळ गोष्टी विसरला, बाजारातून मीठ आणायचे तर तो हमखास विसरायचा, पण ही अट विसरला नव्हता.

गोपीचंदशेठ हा हिंगोलीतला जिनिंगवाला. हैदराबादेत एका नबाबाच्या घरचे सामान विकायला निघाले तेव्हा लोकांनी झुंबरे घेतली, कपाटे घेतली. शेठने ही गाडी आणली. बरीच वर्षे मजेत फिरवली. पण गेल्या काही महिन्यांत पेट्रोलचे भाव असे भडकले की गाडी दारातून निघाली की त्याच्या बायकोचे, रुख्मिणीबाईंचे, तोंड सुरू व्हायचे. शेवटी शेठने मुंबईच्या मेव्हण्याकडून जास्त जोराची नवी कॉईल मागवली आणि ती पुंजाजीच्या हातावर ठेवून म्हणाला, "गाडी पळाली पन पाहिजे आन प्याली पन कमी पाहिजे. दोन्ही पाहिजे."

कॉईल म्हणजे काय हे केशरबाईला पक्के ठाऊक होते. वर्कशॉप घराच्या पडवीतच असल्यामुळे तिला न शिकता पुष्कळ आले होते. बॅटरीचा बारका करंट मोठा करून प्लगला ठिणगी देतो तो डबा. ठिणगी चांगली पडली की पेट्रोल सगळे जळते, जसे चुलीत फुंकर नीट बसली की लाकडे कमी लागतात. यात न कळण्यासारखे काय होते?

पण नवी कॉईल बसवून पहिल्यांदा बाटली लावली तेव्हा फजिती झाली. जुन्या कॉईलवर गाडी वडाच्या झाडापर्यंत जायची. नवीवर ती वडाच्याही अलीकडे मेली. बाटली धरायला शेठचा मुनीम होता. त्याने ही गोष्ट हिंगोलीभर केली. पुंजाजी घरी येऊन जेवला, पण ताटात काय होते हे विचारले असते तर सांगू शकला नसता. दुसऱ्या दिवशी केशरबाई पडवीत झाडत असताना तो बॉनेटमधून मान वर न काढताच बोलला.

"ही गाडीच उलटी हाय."

"काहून?"

"आपल्या गाड्यांत बॅटरीची वजा तार बॉडीला राहते. हिच्यात अधिकची. आन म्या कॉईलच्या तारा आपल्यासारख्या लावल्या. ठिणगी पडली, पन उलटी पडून राहिली. ताकदच न्हाई तिच्यात."

"मंग आता?"

"मंग काय. हिकडची तिकडं अन् तिकडची हिकडं."

त्याने तारा बदलल्या, प्लगची फट जराशी वाढवली, कार्बोरेटरची पेट्रोल सोडायची चकली अर्धा आटा आवळली. गाडी पहिल्याच हाकेला उठली. इतका मोठा घोर, आणि दोन तारांचा फेर, म्हणून केशरबाईला हसू आले. ते तिने झाडूबरोबर अंगणात नेले.

आज मुनीम हट्टा गावी लग्नाला गेला होता. "बाटली धरायला तू चाल," असे पुंजाजी म्हणाला तेव्हा तिने हातातली भाकरी तव्यावर टाकायच्या आत हो म्हटले. लग्नापासून त्याने लोकांच्या जीपा, ट्रक, ट्रॅक्टर नीट केले, पण शेजारी बसून चल असे तिला कधी म्हटले नव्हते. हे एक कारण झाले. दुसरे कारण त्या पिशवीत होते.

पुसेगाव तिचे माहेर. तिथे तिचा भाऊ सोनाजी आणि म्हातारा बाप रामजी. सोनाजीच्या विहिरीवरचे ऑईल इंजिन फार वर्षांपूर्वी पुंजाजीनेच सगळे खोलून बसवून दिले होते. पुढे ते धूर करू लागले, तेव्हा सोनाजीने त्याला न सांगता वाशीमचा मिस्त्री आणला. ही बातमी जीपवाल्यांनी हिंगोलीला पोचवली, आणि जीपवाले बातमी कधी नुसती पोचवत नाहीत. पुंजाजीने ऐकले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या हातावर दुसऱ्याचा हात फिरवला. आता पुसेगावच्या शिवारात पाय ठेवणार न्हाई."

नाही ठेवला. भाच्याच्या लग्नाला नाही, सासू गेली तेव्हाही नाही. केशरबाई जायची ती एकटी, जीपमध्ये कोंबून. दारात पाऊल टाकले की बाप विचारायचा, "एकलीच आली का माय?" ती म्हणायची, "कामाचा लई रेटा हाय, बा." त्या खोटेपणाची तिला इतकी सवय झाली होती की जीपमधून उतरतानाच ते वाक्य तोंडात तयार असायचे.  मागच्या खेपेला म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्याने तिला आवाजावरून ओळखले. मग इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "जावाई पाव्हन्याचा आवाज बी इसरत चाललो बघ."

ते तिच्या मनातून जात नव्हते. एकदा, बाप ऐकतो आहे तोवर, नवऱ्याने तिच्याबरोबर त्या गावी यावे, एवढेच तिला हवे होते. विनवून तो येणार नाही हे तिला माहीत होते. पण मोजमाप अर्ध्यात सोडणार नाही हेही माहीत होते. जुन्या कॉईलवर वडापर्यंत, तर नवी बरोबर बसल्यावर कुठपर्यंत, याचा हिशेब तिने भाकऱ्या थापता थापता केला होता आणि पिशवीत शेंगदाण्याचे लाडू भरले होते.

"सोडू का?" पुंजाजी म्हणाला.

"सोडा."

गाडी अशी निघाली की केशरबाईचे डोके मागे आपटले. पण बाटली हलली नाही. दोन्ही बाजूंनी ज्वारी पळू लागली. बहात्तरच्या दुष्काळानंतर यंदा पहिल्यांदाच रानाने अंग धरले होते, कणसे दुधात आली होती, आणि थंडीतले ऊन पाठीवर चांगले लागत होते. पुंजाजीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो रस्ता बघतच नव्हता, कानाने गाडी चालवत होता.

समोरून बैलगाडी आली. गाडीवानाने हे बघितले, लाल मोटार, तीत एक बाई, बाईच्या हातात उंच धरलेली सलाईनची बाटली, आणि बिचाऱ्याने घाईने बैल खाली उतरवले.

"पेशंट कोन हाय?" त्याने ओरडून विचारले.

"गाडीच पेशंट हाय," पुंजाजी ओरडला आणि स्वतःच इतका हसला की त्याच्या कानावरची बिडी पडली.

वड आला आणि गेला. बाटली अजून अर्ध्याच्या जवळ होती. पुंजाजीने तिच्याकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले आणि तो लहान मुलासारखा खूश झाला. केशरबाईचे खांदे भरून आले होते. तिने बाटलीवरची पकड बदलली. तिला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्या अभिमानाखाली भीतीही होती. अजून पुढे होते पुसेगाव.

मग नाला दिसला. नाल्यावरची बुटकी मोरी म्हणजे पुसेगावची शीव. पुंजाजीचे हसणे थांबले. गाडी आपसूक धीमी झाली. त्याचा पाय ब्रेकवर गेलेला केशरबाईला दिसला.

ती काही बोलली नसती तरी चालले असते. वडाच्या इतके पुढे गाडी आली होती, शेठला सांगायला तेवढे पुष्कळ होते, मुनीमाचे तोंड बंद झाले असते. थांबला असता तर कोणी नाव ठेवले नसते.

"दोन बोटं हाय अजून," ती म्हणाली. आवाज तिने साधाच ठेवला.

पुंजाजीने मोरीकडे पाहिले. मग बाटलीकडे. मग बायकोच्या पायाशी असलेल्या त्या मोठ्या पिशवीकडे जरा वेळ पाहिले.

"मोजमाप अर्ध्यात सोडता येत न्हाई," तो कोणाला तरी सांगावे तसे बोलला आणि त्याने ब्रेकवरून पाय काढला.

मोरी ओलांडली. बाभळी गेल्या, तुरीचे एक शेत गेले. बाटलीच्या गळ्याशी आलेले पेट्रोल गरगरत नळीत उतरले, आणि थोड्या वेळाने गाडीला ठसका लागला. एक, दोन, आणि ती थांबली. थांबली ती कोणाच्या बांधाशी हे केशरबाईला मान न वळवता कळले. ती त्या बांधावर वाढली होती.

कानात इतका वेळ भरलेला गाडीचा आवाज गेला. पुंजाजीने स्टिअरिंग सोडले नाही. उतरण्याचे नाव नाही. पाय अजून गाडीतच होते, जमिनीला लागले नव्हते, आणि तेवढ्यावर तो आपला शब्द सांभाळून बसला होता. या माणसाला हसावे की रडावे हे केशरबाईला कळेना.

ज्वारीतून पाखरांना हाकलायची आरोळी आली. मग तीच थांबली. "कोन हाय तिकडं?"

"मी हाय बा. केशर."

कणसे हलली. रामजी काठीने बांध चाचपत कडेला आला. डोळे गेले तरी आवाज राहिला होता, म्हणून त्याला पाखरांवर बसवले होते. "मोटार वाजली म्हून म्हनलं. एकलीच आली का माय?"

तयार वाक्य तोंडात आले. केशरबाईने ते गिळले. तिने नवऱ्याकडे पाहिले, तर तो दुसरीकडेच कान लावून बसला होता. ज्वारीच्या पलीकडे, विहिरीवर, इंजिन चालू होते. टुक टुक टुक टुक. तिलाही ऐकू येत होते. पडवीतली इंजिने ऐकत इतकी वर्षे काढून तिचाही कान तयार झाला होता. आठदहा ठोके बरोबर पडत, मग एक गळायचा. पुन्हा बरोबर, पुन्हा एक गळायचा.

पुंजाजी प्रत्येक गळलेल्या ठोक्याला तोंड वाकडे करत होता. दात दुखावा तसा.

"हवा धरलीय," तो पुटपुटला. "डिझलच्या नळीत हवा धरलीय. ऐकू येत न्हाई का त्याला?"

अजून एक ठोका गळला. पुंजाजीने बुटके दार उघडले, तो खाली उतरला आणि बांध ओलांडून ज्वारीत शिरला. कुठल्या गावच्या मातीवर पाय पडतो आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हते. दगड पाहायचेही तो विसरला. कणसांच्या वर त्याचे डोके विहिरीकडे जाताना केशरबाईला दिसत राहिले.

इंजिन बंद झाले. सोनाजीचा आवाज आला, दचकलेला. "पाव्हनं?"  मग पुन्हा सोनाजीच, खालच्या सुरात. "तुमी बसवल्यापासून कोनी खोललं न्हाई हे. त्यो वाशीमवाला नुसतं पाहून गेला. ही नळीवर तुमीच बांधलेली तार बी तशीच हाय, बघा."



"पाना दे," पुंजाजी म्हणाला.

बांधावर रामजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याने मान त्या आवाजाकडे वळवली आणि तशीच ठेवली. ज्वारीवर पाखरे उतरली होती, पण त्याने आरोळी दिली नाही.

"एकली न्हाई आली, बा," केशरबाई म्हणाली. "संगं आलेत."

विहिरीवर इंजिन पुन्हा सुरू झाले. आठ ठोके पडले, दहा पडले, पुढेही पडत राहिले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. रिकामी बाटली तिने अजून तशीच उंच धरली होती.