पांढऱ्या गाडीचा केस पेपर

"बाबा, खरं सांगा. सुरू झाली का?" फोनमधून प्रफुल्लने विचारलं.

"होऊन राह्यली न," म्हणत नत्थूजींनी पुन्हा चावी फिरवली. पांढऱ्या गाडीने दम्याच्या पेशंटसारखं खोकून घेतलं, अंग थरथरवलं आणि चौथ्या खेपेला ती एकदाची सुरू झाली. "हे घे, आयक!" त्यांनी फोन थेट बोनेटकडे धरला, जणू नातवाचं पहिलं रडणं ऐकवत होते.

"आयकलं. पण ठरलं थे ध्यानात हाय न? आंजीले जाऊन, रस्त्यात कुठं न थांबता वापस आली, तर ठेवा. नाई तर रविवारी चंदन येते गाडी इकत घ्याले. मी इकडं पुण्यात. तुम्ही उन्हात अडकले तर पाह्यले कोण हाय?"

कोण आहे? नत्थूजींनी बाजूच्या सीटकडे पाहिलं. तिथे पाण्याची बाटली होती, ओला पंचा होता आणि कपड्याचा एक चिमटा होता. चिमटा चोकसाठी. चोकचा दांडा ओढला की आपोआप मागे सरकायचा. गाडी गरम होईपर्यंत तो कुणीतरी धरून ठेवावा लागे. ते काम बायकोचं, तानाबाईचं. दांडा धरून ती कॉलनीतल्या बातम्या सांगायची. चिमटा काहीच सांगत नव्हता.

नत्थूजींनी सेवाग्रामच्या दवाखान्यात, रेकॉर्ड रूममध्ये, चौतीस वर्षं काढली होती. हजारो माणसांचे आजार त्यांनी गठ्ठे बांधून फळीवर चढवले, आणि एकाही कागदावर खोटं अक्षर लिहिलं नाही. त्यामुळे कार्तिकात तानाबाई गेली आणि पाठोपाठ गाडी तापायला लागली, तेव्हा त्यांनी सरळ गाडीचाही केस पेपर काढला.

'तक्रार: काटा लाल, वाफ. गरम झाल्यावर सुरू होत नाही. उपचार: थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटरशेजारच्या डबीत पाणी: आहे.'

'तक्रार: तीच. उपचार: पंख्याचा स्विच बदलला. डबीत पाणी: आहे.'

तिसऱ्या खेपेला, बॅटरी बदलताना, मेकॅनिक अनुप म्हणाला होता, "काका, माह्याकडून निघते तवा मस्त राह्यते. तुमच्या घरी गेली का बिमार पडते. नजर लागली का काय इले?"

नजर बिजर नव्हे. तानाबाई होती तोवर गाडी एकदाही तापली नव्हती. ती गेल्याचं गाडीलाही लागलं असावं, असं नत्थूजींना गुपचूप वाटायचं. पण कागदावर हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

आज बुद्धपौर्णिमा. आंजीच्या विहारात खीर ढवळायला तानाबाई दरवर्षी माहेरी जायची. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी तिला चढवत नसे, म्हणून गाडी. यंदा ती नाही, तरी गाडी जायलाच हवी, असं त्यांनी ठरवलं होतं.

वर्धा मागे पडलं. आर्वी रोडवर ऊन नुसतं नाचत होतं. काटा अर्ध्यावर आला, मग अर्ध्याच्या वर. त्यांनी काचा उघडल्या आणि भर मे महिन्यात हीटर लावला, म्हणजे इंजिनातली गरमी थोडी आत ओढली जाईल. पाय भाजायला लागले. "चाल माय, चाल. थोडंसंच राह्यलं," ते गाडीला म्हणाले. विहारावरचा पंचशील झेंडा दिसला आणि नेमकी तेव्हाच बोनेटखालून वाफ फुसफुसत बाहेर पडली. गाडी थांबली.

त्यांनी बोनेट उघडून इंजिनाजवळचा तापलेला पेट्रोल पंप ओल्या पंचाने झाकला आणि चावी फिरवली. नुसती घरघर. ते निंबाखाली बसले. रविवार. चंदन. बस, झालं.

झेंड्याच्या बाजूने डोक्यावर पदर घेऊन एक बाई आली. तानाबाईची धाकटी बहीण जयवंता. एका हातात पितळी तांब्या, दुसऱ्यात खिरीचा डबा.

"जयभीम भाऊजी! वाफ थेट विहारातून दिसली. सकाळी पाणी नाई टाकलं का हिच्यात?"

"पाणी हाय. डबी भरली हाय, पाह्य!"

"डबीचं काऊन सांगून राह्यले? रेडिएटरच्या मोठ्या झाकणात टाका लागते. डबी भरलीच दिसते, गाडी मातर आतून रिकामी. ताई रोज सकाळी तांब्याभर टाके. तुम्ही दाढी करत राहत होते तवा."

नत्थूजींनी उठून डबीतलं पाणी पुन्हा पाहिलं. "रोज?"

"सात-आठ वर्सं झाले."

"मले काऊन नाई सांगतलं?"

जयवंता पदराने घाम पुसत हसली. "तुम्ही मने एकदा बोलले होते, आता बिघडली का इकतो. मंग तिले आंजीले कोणं आणलं असतं?"

झाकण निवायला तासभर लागला. मग जयवंताने पाणी ओतलं. तीन तांबे गेले. आतल्या अंधारात पाणी गुडगुड उतरत राहिलं. नत्थूजींनी चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! चिमटासुद्धा लागला नाही.

प्रफुल्लचा फोन आला. "पोचले? थांबली का कुठं?"

चौतीस वर्षं खोटं न लिहिलेल्या माणसाने घसा साफ केला.

"नाई रे. मस्त आली. चंदनले नोको येजो म्हण."

जयवंता दुसरीकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढीच्या वेळेला, नत्थूजी स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन बाहेर आले. थंड बोनेट उचललं, मोठं झाकण फिरवलं, पाणी ओतलं. काठोकाठ झालं तरी तांब्यात दोन घोट उरले. ते त्यांनी शेजारच्या मोगऱ्याला घातले. ती रोज सकाळी मोगऱ्याला पाणी घालायला बाहेर येते, असं ते इतकी वर्षं समजत होते.

गाडीच्या जागेशी असलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर एक गोल डाग होता. कार्तिकात त्यांनीच तिथला तांब्या उचलून आत नेला होता, आणि मग दोनदा तो डाग घासूनही पाहिला होता. निघाला नव्हता.

त्यांनी तांब्या त्या डागावर ठेवला. बरोब्बर बसला. मग ते गाडीत जाऊन बसले, एका हाताने चोक धरून ठेवला, आणि कॉलनीतली कुठली बातमी सांगावी, याचा विचार करत राहिले.