शिवकांताच्या पोटावरची मी

मी एक जुनी चरबी आहे. हसू नका, मित्रांनो. लातूरच्या शिवकांताच्या पोटावर मी तीस वर्षं राहते आहे, आणि आज माझाच जीव थाऱ्यावर नाही.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधला. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव गेलं, तेव्हा शिवकांता विशीतली, नुसती काडी होती. मदतीच्या भाताचं एक शीतही तिनं कधी वाया घालवलं नाही. मी सायीएवढी पातळ होते, तरी उपाशी दिवशी तिला मीच तारत असे.

पुढे लातुरात क्लासेस फोफावले. नांदेडकडच्या उमरी, नायगावहून पोरं डॉक्टर व्हायला आली आणि शिवकांतानं त्यांच्यासाठी मेस काढली. परीक्षेच्या धास्तीनं पोरांना जेवण जात नसे, डबे अर्धे भरलेलेच परत येत. अन्न फेकायला तिचा हात धजत नसे. मोरीपाशी उभ्यानंच ती सगळं संपवून टाकी. मी वाढत गेले. शेजारणी कौतुक करीत, "आता कशी भरल्यावानी दिसायलीस गं!" मीही फुशारले.

तिथंच घात झाला. मी नुसती गादी नाही हो, मी रक्तातून निरोप धाडते. हार्मोन म्हणतात त्यांना. ॲडिपोनेक्टिन नावाचा निरोप हृदयाच्या रक्तवाहिन्यांना मऊ, सैल ठेवतो. लेप्टिन मेंदूला सांगतो, 'पुरे आता.' पण मी दाटले तसा पहिला निरोप आटला, आणि दुसरा मी इतका ओरडून धाडू लागले की मेंदूनं ऐकणंच सोडलं. त्यात मधुमेह आला. साखरेनं आधीच दुखावलेल्या वाहिन्या माझ्या सूज आणणाऱ्या निरोपांनी आणखी ताठरल्या, आतून चिंचोळ्या झाल्या.

आठ दिवसांपासून जिना चढताना शिवकांताची छाती आवळते. आज सकाळी ती पायरीवरच बसली. "पित्त हाय," म्हणत तिनं सोडा मागवला.

मेसच्या पोळ्या करणाऱ्या तुळजाबाईनं लाटणं आपटलं. "रोजच कसलं गं पित्त? घाम बघ केवढा फुटलाय!"

"शुगरची गोळी चालू हाय की. परीक्षा तोंडावर आल्यावर मेस बंद ठिवू व्हय?"

"तू गेल्यावर उघडी राहतीय का? एवढ्या डॉक्टरांना जेवू घालायलीस, अन् एकालाबी दाखवायला जाईनास!"

शिवकांता हसली. हसता हसताच थांबली. कळ हनुवटीपर्यंत गेली होती. "तुळजे, रिक्षा बोलव," ती हळूच म्हणाली.

आता आम्ही दवाखान्यात आहोत. तिच्या छातीला तारा लावल्या आहेत. "मावशी, हृदयाला रक्त कमी पडतंय. पण वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. उद्या मोठी तपासणी आहे. तोवर मला चैन नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला जपा. माझी विनवणी उलटी आहे. शिवकांता घरी आली की तिला रोज चालायला न्या, बसून पोटापुरतं जेवू द्या, औषध चुकू देऊ नका. मला पार पुसू नका, थोडीशी मी लागतेच. पण झिजवा मला. मी झिजले तर ती साडीच्या निऱ्या दोन जास्त घालील, एवढंच. ती गेली, तर मी राहू कुठं?