ईनबाईच्या बांधावरची लाल माती

झुंबरबाईनं तुळशीकट्टा लालभडक सारवला आणि मागं सरून आपल्याच हातावर खूश होऊन बघत राहिली. तेवढ्यात सून प्रियदर्शनी कॉलेजातनं आली आणि ओसरीवरचा रिकामा कागद बघून मटकन खाली बसली.

"आत्ती, हितं माती वाळत घातलीती ती?"

"माती कुठली? गेरू हुता त्यो. कट्ट्याला लावला."

तो गेरू नव्हता. सुनेच्या माहेरची, चंदगडच्या बांधावरची माती होती. इथली बावड्याची काळी आणि चंदगडची लाल, दोन्हींत सारखंच फॉस्फेट मुरवायचं आणि कुठली किती परत सोडते ते मोजायचं, यावर पोरीची एम.एस्सी. उभी होती.

"मग खरवडून घे की."

"शेण कालवलंय त्यात तुम्ही. शेणातबी फॉस्फेट असतंय."

फोनवर पोरीचे कॉलेजातले सर म्हणाले, दिवस कमी उरलेत, लाल माती वगळा, काळीवर भागवा.

"वगळा?" झुंबरबाई उसळली. "एकटाच पैलवान मैदानात सोडायचा आणि जितला म्हणायचं व्हय? मी घालवली, मीच आणणार!"

म्हणाली खरी, पण लग्नाच्या मांडवात मानपानावरनं तिनंच सुनेच्या आईला, ईनबाईला, सुनावलं होतं, "चंदगडच्या माणसांच्या हातचं काय सुटत न्हाय." तेव्हापासून त्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एसटीनं ती तिथं जाऊन उभी राहिली. ईनबाई धोंडुबाई दारातच आडवी आली.

"या की! आमच्या हातचं सुटत न्हाय न्हवं? आता काय न्यायला आलाय?"

"माती."

"आदी चुकलं म्हणा."

"माती घालवली, ती चूक माजी. मांडवातलं बोलणं न्हाय. मानाची साडी अशी दिलीसा, की आरपार दिसत हुतं!"

"मग माती न्हाय."

"लेक तुमची हाय, ईनबाई. तिचं नुसकान करायचं तर खुशाल करा. मी निघाले बांधावर. अडवा बघू!"

पदर खोचून ती चालायला लागली. सुनेनं सांगितलेल्या फणसापाशी बसली आणि नखांनीच जमीन उकरू लागली. माती घट्ट. नखं दुखावली, पण हात थांबला नाही. मागनं आलेली धोंडुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी तिनं खुरपं पुढ्यात फेकलं.

"वीतभर खाली जावा, पोरगी तेवढ्याच खालची न्हेती. वरवरची नेऊन माज्या पोरीचं वाटोळं करू नगा."

झुंबरबाईनं खुरपं उचललं. उपकार मानले नाहीत. वीतभर कशाला, चांगली दीड वीत खणायला बसली.

"वीतभर म्हटलं न्हवं!" धोंडुबाई ओरडली, आणि खाली बसून तिच्या हातातलं खुरपं ओढायला लागली.